‘दुधाचीच दाढ आहे, पडेल’: दातांच्या बाबतीत या चुका टाळा

तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवतेय, त्याला १९ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आई-बाबा मुलाला खुर्चीवर बसवतात तेव्हाच ते येणार हे कळतं: “मॅडम, दुधाचीच दाढ आहे ना, काढून टाका.”

आठ वर्षांची एक मुलगी अशीच आली होती. रात्रभर ठणका, गाल सुजलेला. खालची उजवी दाढ वरून बघितली तर फक्त एक काळा ठिपका होता. आत हत्यार घातलं आणि भिजलेल्या बिस्किटासारखा भुगा बाहेर आला. शेजारी हिरडीवर पुवाची पुटकुळी. आईला सांगितलं, ही दुधाची नाही, पक्की आहे. तिला खरंच वाटेना. “पण हिची तिथली दाढ पडलीच नाही कधी!”

घोळ नेमका इथेच होतो. साधारण सहाव्या वर्षी येणारी ही दाढ कुठल्याच दाताच्या जागी येत नाही. ती दुधाच्या दाढांच्या मागे, रिकाम्या हिरडीतून गुपचूप उगवते. काही पडत नाही, म्हणून घरात कुणाचं लक्ष जात नाही. तिच्या खाचा खोल असतात आणि पूर्ण वर येईपर्यंत कित्येक महिने ती बाकीच्यांपेक्षा बुटकी राहते, त्यामुळे ब्रश वरूनच निघून जातो. शिवाय त्या मुलीच्या वयात दाढेच्या मुळांची टोकं अजून बंद झालेली नसतात, त्यामुळे मोठ्या माणसासारखं सरळ रूट कॅनाल करता येत नाही. आम्ही सात महिने खटपट केली. शेवटी काढावीच लागली. “म्हणजे आता परत येणार नाही?” असं आईने विचारलं, तेव्हा मला मान हलवण्यापलीकडे काही करता आलं नाही. डबा, अभ्यास, वेण्या, सगळं मनापासून करणारी बाई होती ती. तिला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मोजायला शिका. पटाशीच्या दोन दातांच्या मधून सुरुवात करा आणि एका बाजूने मागे जा. पाचपर्यंत दुधाचे किंवा त्यांच्या जागी आलेले दात. सहावी दाढ पक्की, आयुष्यभराची. मी माझ्या मुलाची रविवारी नखं कापायचे, तेव्हाच मोबाइलचा टॉर्च लावून सहावी दाढ बघायचे. खाच काळी दिसली, की थांबायचं नाही. ती पूर्ण वर आली की खाचा बुजवणारा पातळ थर बसवून घ्या. ना दुखत, ना टोचावं लागत.

दुधाच्या दाढाही ‘पडणारच’ म्हणून सोडू नका. शेवटची दुधाची दाढ ११-१२ वर्षांपर्यंत तोंडात असते. ती लवकर काढली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही.

दुसरी चूक मोठ्यांची. हिरडीतून रक्त आलं की ब्रश बंद. मग बोटाने मंजन, आणि बायकांमध्ये पुष्कळदा मशेरी. रक्त येतं ते हिरडीच्या कडेला साचलेल्या थरामुळे. तो न काढता ब्रश सोडला तर हिरडी आणखी सुजते. मऊ ब्रश घ्या, पेनासारखा हलका धरा आणि नेमकं त्याच कडेला फिरवा. आठ-दहा दिवसांत रक्त थांबलं नाही तर कीटण साफ करून घ्या. सफाईने दात हलायला लागत नाहीत. कीटणाखाली हाड आधीच झिजलेलं असतं, ते सफाईनंतर जाणवतं, एवढंच. आणि मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखूच. दात दुखतो म्हणून सुरू होते आणि दिवसातून पाच वेळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मावशीला मी विचारतेच. गालात पांढरा चट्टा दिसला की दात बाजूला राहतो, आधी तो तपासायचा. तोंडाचा कर्करोग अशा चट्ट्यातूनही सुरू होऊ शकतो.

आठ दिवसांत दात पांढरे करायला निघालेल्यांची मला काळजी वाटते. लिंबू-सोडा, कोळसा, मीठ घासून जो वरचा थर जातो, तो पुन्हा तयार होत नाही. निरोगी दात किंचित पिवळसर असतातच.

पेस्ट थुंका, पण लगेच खळखळून चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं.

रात्रीचा ब्रश चुकवू नका. सकाळचा एखाद वेळ चुकला तर चालेल.

दुखऱ्या दाढेशेजारी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. आणि ठणका आपोआप थांबला म्हणून भेट रद्द करू नका. बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते आणि पू खाली मुळाशी वाढत असतो.

‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हे खरं नाही. या भीतीने लोक पू घेऊन वर्ष काढतात.

खेळताना पक्का दात मुळासकट निखळला तर मूळ घासू नका, कागदात गुंडाळू नका. वरच्या बाजूने धरा, पेलाभर थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासात दवाखाना गाठा. तो पुन्हा बसू शकतो.