युद्धपूर्व जर्मन मोटार मूळ स्थितीत जपताना

मूळ रंग, मूळ चामडे आणि मूळ वायरिंग टिकून असलेली १९३०च्या दशकातील एखादी जर्मन मोटार, मग ती मर्सिडीज १७० व्ही असो वा डीकेडब्ल्यू, कोल्हापुरात हाती आली की पहिला मोह ती नवीकोरी करून घेण्याचा होतो. कारण उद्यमनगर या इथल्या कारखान्यांच्या वस्तीत नमुना दाखवला की लेथवर हुबेहूब भाग उतरवून मिळतो. हे कसब ब्रेक, स्टिअरिंग आणि इंधनाची गळती यांपुरतेच वापरावे. काढलेला मूळ भाग भंगारात न देता, तो कुठून व कधी काढला हे लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवावा आणि नव्या भागावर सहज दिसणार नाही अशा जागी वर्ष कोरावे. एकदा पत्र्यापर्यंत घासलेला रंग मात्र कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

त्या काळातील अनेक मोटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर या प्रकारचा रंग असतो आणि तो थिनरने विरघळतो. म्हणून प्रेशरने धुणे, थिनरने पुसणे किंवा कटिंग पॉलिश मारणे टाळावे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कापसाचा बोळा किंचित ओला करून तो आडोशाच्या जागी, न घासता, अलगद फिरवावा. बोळा मातकट झाला तर धूळ निघते आहे असे समजावे. त्यावर गाडीचाच रंग दिसू लागला तर तेथेच थांबावे. आसनांचे चामडे लालसर भुकटी सोडत असेल, तर त्यावर तेल मुळीच चोळू नये.

येथे सर्वांत मोठा शत्रू पावसाळा. ज्या डीकेडब्ल्यूंची बॉडी प्लायवूडची व वर कृत्रिम चामड्याची असते, त्यांत ओल शिरली की लाकूड आतून कुजते आणि बाहेर काही दिसत नाही. शेडमध्ये आर्द्रतामापक लावून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखावी. त्यासाठी डीह्युमिडिफायर घेण्यात काटकसर करू नये. गाडीवर ताडपत्री नको, सुती कापड असावे. उंदीर कापसाच्या वेष्टणाची वायर कुरतडतात, म्हणून सापळे लावावेत.

हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल पाणी शोषते आणि जुने रबर खराब करते. त्यामुळे जूनपूर्वी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. दर आठवड्याला इंजिन पाच मिनिटे चालू ठेवण्याची आपल्याकडची सवय घातक आहे, कारण न तापलेल्या इंजिनात पाणी साचते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये.

शाहूपुरी किंवा नागाळा पार्कच्या पूरपट्ट्यात गाडी असेल, तर टाकी रिकामी असल्याने ती स्वतःहून निघणार नाही, हे ध्यानात घेऊन टो-ट्रक आणि उंचावरची जागा आधीच ठरवावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठण्यापूर्वीच गाडी हलवावी. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नये.