अल्पाइन वनस्पती प्रदर्शनात मांडताना: छोट्या बागकाम क्लबांसाठी मार्गदर्शन

अल्पाइन वनस्पतींच्या टेबलाशी परीक्षक येतो तेव्हा फुले मोजण्याआधी तो झाडाची ठेवण पाहतो. ही झाडे वृक्षरेषेच्या वर, खडकांच्या फटींत आणि घसरत्या खडीत वाढतात. तिथला वारा, प्रखर उजेड आणि पोषणाची टंचाई यांमुळे त्यांची पाने एकमेकांना चिकटून उशीसारखा घट्ट गोळा बनतो. तेच झाड कुंडीत भरपूर खत, भरपूर पाणी आणि अपुरा उजेड यांत वाढवले, तर त्याच्या फांद्या लांबतात, पानांमध्ये अंतर पडते आणि फुले कितीही आली तरी ते डोंगरावरचे झाड वाटेनासे होते. म्हणून या प्रदर्शनाची तयारी म्हणजे झाडाला लाडावून न ठेवता निरोगी ठेवण्याची तयारी आहे, आणि ती प्रदर्शनाच्या आठवड्यात नव्हे, तर निदान वर्षभर आधी सुरू होते.

ब्रिटनमध्ये या छंदाची परंपरा जुनी आहे. अल्पाइन गार्डन सोसायटी 1929 मध्ये आणि स्कॉटिश रॉक गार्डन क्लब 1933 मध्ये स्थापन झाला. सोसायटीच्या प्रदर्शनातील सर्वोत्तम झाडाला रेजिनल्ड फॅरर यांच्या नावाचे पदक मिळते, तर स्कॉटिश क्लबच्या प्रदर्शनात ते जॉर्ज फॉरेस्ट यांच्या नावाचे असते. या दोघांनीही चीनच्या डोंगराळ भागातून वनस्पती आणल्या होत्या. आमचा क्लब उत्तर इंग्लंडमधला, थोड्या सभासदांचा आहे आणि हे मार्गदर्शन अशाच क्लबांसाठी आहे. आमच्यातल्या ज्या मराठी सभासदांनी पुण्यात एम्प्रेस गार्डनमधले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन पाहिलेले आहे, त्यांना सुरुवातीला एक सवय मोडावी लागते: तिथे फुलांचा भरगच्चपणा डोळ्यांत भरतो, इथे मात्र तळहाताएवढ्या कुंडीतल्या झाडासमोर लोक वाकून दहा मिनिटे उभे राहतात.

नियमपत्रक आधी वाचावे

प्रदर्शनाचे नियमपत्रक हाती आले की क्लबच्या सभेत ते मोठ्याने वाचून काढावे. गट साधारणपणे कुंडीच्या मापानुसार, कुंड्यांच्या संख्येनुसार आणि वनस्पतीच्या कुळानुसार केलेले असतात. लहान कुंड्यांच्या गटासाठी 19 सेंटिमीटर आणि मोठ्यांसाठी 36 सेंटिमीटर ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी दिसते, पण माप कुंडीच्या आतून घ्यायचे की बाहेरून, एका कुंडीत दुसरी कुंडी ठेवलेली चालते का, आणि झाड आपल्याकडे किती महिने असले पाहिजे, हे त्या त्या पत्रकातच पाहावे. नवशिक्यांसाठी बहुधा वेगळा विभाग असतो आणि क्लबने पहिल्या वर्षी तिथूनच सुरुवात करावी. अनुभवी लोकांनी वीस वर्षे वाढवलेल्या झाडाशेजारी आपले तीन वर्षांचे झाड ठेवून निराश होण्यात काही अर्थ नसतो.

शब्दांचा नेमका अर्थ लावणे फार महत्त्वाचे आहे. ‘तीन वेगळ्या प्रजाती’ (जीनस) आणि ‘तीन वेगळ्या जाती’ (स्पीशीज) या दोन अटी सारख्या नाहीत. आमच्या क्लबने एकदा तीन प्रजातींच्या गटात दोन सॅक्सिफ्रागा आणि एक प्रिम्युला अशा कुंड्या मांडल्या. तिन्ही झाडे उत्तम होती, परंतु परीक्षकांनी कार्डावर ‘नियमपत्रकानुसार नाही’ असे लिहून ती बाजूला ठेवली, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

कोणती झाडे निवडावीत

मार्च-एप्रिलच्या प्रदर्शनासाठी घट्ट उशीसारख्या वाढणाऱ्या सॅक्सिफ्रागांवर मी सर्वांत जास्त भर देईन. ‘जेनकिन्सी’ ही फिकट गुलाबी फुलांची संकरित जात वाढवायला सोपी आहे, भरपूर फुलते आणि रोपवाटिकांत सहज मिळते. तिच्या आईबापांपैकी एक पूर्व आल्प्समधली आहे, तर दुसरी, सॅक्सिफ्रागा लिलासिना, पश्चिम हिमालयातली असून या संकरांतला गुलाबी रंग तिच्याकडून आला आहे. हे कळल्यापासून मला ती कुंडी जास्तच आपली वाटते.

प्रिम्युला अ‍ॅलिओनी ही फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या सागरी आल्प्समध्ये चुनखडीच्या कड्यांवर वाढते. चांगली वाढली तर झाडाचे पान दिसू नये इतकी फुले येतात. पण तिची वाळलेली पाने गळून न पडता झाडालाच चिकटून राहतात आणि दमट हवेत त्यांवर करडी बुरशी येऊन ती आत खोडापर्यंत पसरते, म्हणून ज्याला रोज पाच मिनिटे देता येतील अशाच सभासदाकडे ती सोपवावी. मे महिन्यातल्या प्रदर्शनासाठी उत्तर अमेरिकेतली ल्युइसिया कोटिलेडन उपयोगी पडते. तिच्या मध्यभागी पाणी साचले की ती कुजते, त्यामुळे कुंडीत लावताना ती किंचित तिरकी लावावी. जेन्शियाना अकाउलिसचा निळा रंग कोणालाही मोहात पाडतो, परंतु एका बागेत भरभरून फुलणारे हे झाड शेजारच्या बागेत वर्षानुवर्षे एक फूलही देत नाही. केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. फुलांची वेळ चुकण्याची भीती असेल, तर पानांच्या सौंदर्याच्या गटात सेम्परव्हिव्हम किंवा चंदेरी कडांच्या पानांच्या सॅक्सिफ्रागा मांडाव्यात, त्या बारा महिने तयार असतात.

डोंगरावरून झाड उपटून आणणे हे पूर्णपणे वर्ज्य मानावे. अनेक देशांत तो कायद्याने गुन्हा आहे आणि असे झाड कुंडीत बहुधा जगतही नाही. त्याऐवजी बी मिळवावे: अल्पाइन गार्डन सोसायटीसारख्या संस्था सभासदांसाठी बियांची देवाणघेवाण चालवतात. ते बी डिसेंबर-जानेवारीत पेरून कुंड्या उघड्यावर थंडीत ठेवल्या की बहुतेक जाती वसंतात उगवतात.

माती, पाणी आणि हिवाळा

नवख्यांचा समज असतो की ही झाडे थंडीने मरतात. खरे म्हणजे डोंगरावर ती कित्येक महिने बर्फाखाली, स्थिर थंडीत आणि जवळजवळ कोरडी झोपलेली असतात. त्यांना मारतो तो इंग्लंडचा ओला, ढगाळ आणि मधूनच उबदार होणारा हिवाळा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी अकरा कुंड्या पावसात ठेवल्या आणि मार्चपर्यंत त्यांतल्या सात कुजल्या. सह्याद्रीच्या सड्यांवरच्या वनस्पती उथळ मातीत चार महिने पावसात भिजून वाढतात आणि उन्हाळ्यात कोरड्या होऊन विसावतात. त्यांची विश्रांती कोरड्या उन्हात जाते, अल्पाइनांची कोरड्या थंडीत. दोन्हीकडे विश्रांतीच्या काळात ओल नको, ही गोष्ट लक्षात आल्यावर माझे पाणी घालणे सुधारले.

मिश्रणासाठी जॉन इनेस क्रमांक 2 ची माती (ब्रिटनमध्ये तयार मिळणारे कुंडीचे मिश्रण) आणि टोकदार बारीक खडी समसमान घ्यावी, आणि अवघड उशांसाठी खडीचे प्रमाण आणखी वाढवावे. झाडाच्या मानेभोवती साधारण दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर असला पाहिजे, कारण कूज तिथूनच सुरू होते. सॅक्सिफ्रागांना चुनखडीची खडी मानवते, परंतु चुना न चालणाऱ्या झाडांना ग्रॅनाइटची घालावी. मातीच्या कुंड्या प्लास्टिकपेक्षा चांगल्या. त्या काचघरात वाळूच्या वाफ्यात काठापर्यंत पुरून ठेवल्या की वाळू ओली ठेवणे पुरते, कुंडीच्या भिंतीतून मुळांना हवी तेवढी ओल पोचते आणि वरची पाने कोरडी राहतात. या काचघराला ऊब देण्याची गरज नसते, मात्र त्याच्या खिडक्या वादळाखेरीज कधीही बंद करू नयेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी अगदी कमी करावे आणि वाढ दिसू लागली की हळूहळू वाढवावे. दर काही दिवसांनी कुंडी पाव वळण फिरवावी, नाहीतर उशी उजेडाच्या बाजूला फुगते आणि परीक्षकाला ते लांबूनच दिसते.

प्रिम्युलांच्या बाबतीत आणखी एक संकट म्हणजे भुंग्याच्या पांढऱ्या अळ्या, ज्या मुळे खाऊन टाकतात आणि झाड कोलमडेपर्यंत कळू देत नाहीत. शरद ऋतूत, माती 5 अंश सेल्सिअसपेक्षा उबदार असताना, यासाठी मिळणारे उपयुक्त सूत्रकृमी पाण्यातून घालावेत.

शेवटचे तीन आठवडे

फुले नेमक्या दिवशी उमलणे हे पूर्णपणे आपल्या हातात नसते, तरी थोडे पुढेमागे करता येते. कळ्या लवकर रंगू लागल्या तर कुंडी उत्तरेकडच्या भिंतीच्या सावलीत हलवावी. उशीर होत असेल तर काचघरातल्या सर्वांत उजेडाच्या जागी आणावी. घरातल्या उबेत मात्र कधीही आणू नये, कारण दोन दिवसांत देठ लांबून वर्षाची मेहनत वाया जाते. याच कारणासाठी क्लबने एकाच जातीच्या कुंड्या वेगवेगळ्या सभासदांकडे, वेगवेगळ्या उंचीवरच्या आणि दिशांच्या बागांत ठेवाव्यात. ही सोय एकट्या माळ्याला मिळत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी टोकदार चिमट्याने वाळलेली पाने आणि सुकलेली फुले काढावीत, मऊ कुंचल्याने उशीवरचे मातीचे कण झाडावेत, शेवाळ आणि तण मुळासकट काढून वरची खडी नवी घालावी आणि कुंडी बाहेरून घासून धुवावी. प्रिम्युला मार्जिनाटासारख्या काही प्रिम्युलांच्या पानांवर पिठासारखा पांढरा थर असतो, त्याला बोट लागले की डाग कायमचा राहतो. अशा कुंडीला पाणी खालूनच द्यावे. पानांना तेल किंवा चकाकी आणणारे काही लावू नये.

नेताना आणि मांडताना

गाडीत कुंड्या खोक्यात बसवून मधल्या फटी वर्तमानपत्राच्या गोळ्यांनी गच्च भराव्यात, लांब देठांना तात्पुरत्या काड्यांचा आधार द्यावा आणि हीटर बंद ठेवावा. दोन माणसे, चिमटा, कुंचला, पाण्याची लहान झारी, जादा खडी आणि कोऱ्या नावपट्ट्या सोबत असाव्यात. मांडणी बंद होण्याच्या वेळेआधी निदान एक तास पोचावे.

नावपट्टीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव पूर्ण आणि अचूक लिहावे, संकरित किंवा निवडक जातीचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत द्यावे, आणि खाली मूळ प्रदेश लिहिला तर पाहणाऱ्याला आनंद होतो. हे काम क्लबमधल्या एकाच काळजीवाहू माणसाकडे द्यावे.

स्पर्धेच्या गटांखेरीज क्लबची सामूहिक मांडणी असेल, तर झाडांच्या गर्दीपेक्षा एक विषय निवडावा. हिमालय हा विषय आम्हांला फार जवळचा वाटतो: प्रिम्युला डेंटिक्युलाटा, अँड्रोसाचे लॅनुजिनोसा आणि हिमालयातल्या इतर लहान वनस्पती अशा मांडाव्यात की मागच्या पायरीवर उंच आणि पुढे जमिनीलगतच्या असतील. पायऱ्यांवर गडद, साधे कापड टाकावे. दगडासारखे दिसणारे हलके कुंड घरी करायचे असल्यास एक भाग सिमेंट, एक भाग वाळू आणि दोन भाग कोकोपीट घेऊन साच्यात ओतावे. पूर्वी पीट वापरत असत, पण पाणथळ जमिनींची हानी लक्षात घेता कोकोपीटच वापरणे योग्य. कुंडाच्या तळाला भोके ठेवायला विसरू नये, आणि ते वाळल्यावर झाडे लावण्यापूर्वी काही आठवडे पावसात धुऊन निघू द्यावे.

प्रदर्शन संपल्यावर झाडे लगेच सावलीत, मोकळ्या हवेत न्यावीत आणि दिवसभर हॉलच्या कोरड्या हवेत राहिल्यामुळे त्यांना वाळूतून पाणी द्यावे. फुले ओसरली की कुंडी मुळांनी भरलेली असल्यास एक माप मोठी कुंडी द्यावी. मे-जूनमध्ये सॅक्सिफ्रागाच्या कडेची एकेक गुच्छपाने देठासकट कापून बारीक वाळूत खोचावीत आणि सावलीत ठेवावीत. शरद ऋतूपर्यंत त्यांना मुळे फुटतात. ती रोपे सभासदांत वाटून प्रत्येकाच्या नावपट्टीवर तारीख लिहावी, कारण त्यांची प्रदर्शनाजोगी उशी व्हायला पुढची चार-पाच वर्षे लागणार असतात.