उडीचा फोटो: घोडा, स्वार आणि गोव्याचं ऊन

अडथळ्यासमोर, पण थोडं बाजूला, ४५ अंशांत उभं राहा; घोडा उडी मारून तुमच्या दिशेने उतरला पाहिजे. ७०-२०० मिमी लेन्स पुरते. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली नेऊ नका, नाहीतर खूर पुसट येतात. सतत फोकस (हलत्या घोड्याबरोबर बदलत राहणारा) ठेवा, फोकसचा पॉइंट स्वाराच्या छातीवर. घोड्याच्या डोक्यावर ठेवलात तर मान हलताच फोकस मागच्या खांबांवर उडी घेतो.

बटण केव्हा दाबायचं, यातच सगळी गोम आहे. पुढचे पाय दुमडून गुडघे वर आलेले, कान पुढे, मागचे पाय नुकतेच जमीन सोडताहेत: हाच क्षण. म्हणून बर्स्ट, म्हणजे एकामागोमाग सलग फोटो, थोडा आधी सुरू करा. उतरतानाचे फोटो सहसा बेढब दिसतात.

दुपारच्या उन्हात हेल्मेटची सावली चेहरा गिळते, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) +०.७ करा किंवा सरळ चारनंतर या. फ्लॅश अजिबात नको, घोडा बिचकतो. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा वीसेक मिनिटं बंद बॅगेतच राहू द्या, दमट हवेत लेन्सवर वाफ धरते.

सरावाला डिचोलीची, सत्तरीची घोडेमोडणी, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला लोकनाच, उत्तम. घोडे लाकडी असले तरी वेग खराच!