फळमाश्यांवरचा निवड-प्रयोग: हेरिटेबिलिटी काढताना या चुका टाळा

फळमाशीच्या, म्हणजे ड्रॉसोफिलाच्या, छातीच्या बाजूचे राठ केस मोजायचे, जास्त केसवाल्यांच्या जोड्या लावायच्या आणि पिल्लांची सरासरी किती सरकली ते पाहायचं. ती सरक भागिले निवडीतला फरक (निवडलेल्या आईबापांची सरासरी वजा मूळ समूहाची सरासरी) म्हणजे हेरिटेबिलिटी, अर्थात माश्यामाश्यांतल्या फरकापैकी पुढच्या पिढीत उतरणारा वाटा. भागाकार कुणालाही जमतो, घोटाळा छेदात होतो.

समजा, मूळ समूहाची सरासरी 18 केस. तुम्ही सरासरी 22 केसांच्या माद्या निवडल्या, नर मात्र हाताला लागतील ते घेतले. पिल्लांची सरासरी आली 18.8. वहीत हमखास 0.8 भागिले 4, म्हणजे 0.2 लिहिलेलं दिसतं. पण बापांची निवड झालीच नव्हती! आईबापांचा मिळून फरक 2 च (4 आणि 0 ची सरासरी), म्हणून उत्तर 0.4. नर-माद्यांच्या सरासऱ्याही वेगळ्या काढा. माद्या अंगाने मोठ्या. सगळ्यांना एकाच ढिगात मोजलं तर निवडीत त्यांचाच भरणा होतो.

माद्या व्हर्जिन हव्यात. 25 अंश सेल्सिअसला कोशातून निघाल्यावर 8 तासांच्या आत वेगळ्या करा. मादी शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे सकाळची बाटली संध्याकाळी उघडली तर पिल्लांचा बाप कोण, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे कंट्रोल, म्हणजे तुलनेचा समूह, न ठेवणं. बाटलीत गर्दी झाली की माश्या लहानखुऱ्या निपजतात, तापमान बदललं तरी आकार बदलतो. मग सरासरी निवडीने हलली की खोलीतल्या उकाड्याने? न निवडलेला समूह शेजारीच, तितक्याच अंड्यांवर वाढवा. मला तर जास्त केसांची आणि कमी केसांची अशा दोन्ही दिशांच्या ओळी (पिढ्यानपिढ्या वेगळे वाढवलेले समूह) चालवणं आवडतं. त्यांच्यातलं अंतर मोजलं की दोघींवर सारखाच पडलेला हवामानाचा परिणाम वजा होतो.

काहीच सरकलं नाही तर आधी स्टॉक, म्हणजे प्रयोगशाळेत पाळलेला मूळ माश्यांचा समूह, तपासा. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी 1903 मध्ये घेवड्याच्या 19 शुद्ध वंशांबद्दल लिहिलं: एकाच वंशातले मोठे दाणे पेरून पुढचे दाणे मोठे होत नाहीत. वर्षानुवर्षं भावंडांतच जोड्या लागलेल्या स्टॉकचं तसंच होतं: माश्या जनुकांनी जवळजवळ सारख्या होतात, निवडायला आनुवंशिक फरकच उरत नाही.

उत्तर उणे किंवा 1 च्या वर आलं, तर बहुधा आईबाप मोजकेच घेतलेले असतात आणि योगायोगच मोजला जातो. जोड्या वाढवा, किमान चार-पाच पिढ्या चालवा, आणि एकूण सरक विरुद्ध निवडीची एकूण बेरीज अशा आलेखाचा उतार घ्या.