चहाच्या जपानी वाडग्यासाठी बिनखिळ्यांचे फडताळ

जपानी ‘साशिमोनो’ कामात खिळे न वापरता एका फळीच्या खाचेत दुसरीचे टोक घट्ट बसवतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, लाकूड सुकून आकसते आणि पावसाळ्यात ते पुन्हा फुगते. म्हणून उन्हाळ्यात फडताळ करताना तळाची सागवानी फळी चौकटीच्या खोबणीत सरस न लावता बसवावी आणि रुंदीच्या दिशेने प्रत्येक बाजूस सुमारे २ मिलिमीटर जागा सोडावी. जपानी करवत ओढताना कापते, त्यामुळे ढकलण्याची सवय असलेल्या हाताने आधी टाकाऊ तुकड्यावर सराव करावा.

राकू, म्हणजे कमी आचेवर भाजलेल्या मातीचा चहाचा जपानी वाडगा, सच्छिद्र असतो. तो पूर्ण वाळल्यावरच, दर्शनी बाजू पुढे करून, एकटाच मांडावा. शेजारी फुलदाणी नकोच.