किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या घरातली पावसाळ्याआधीची तयारी

ही तयारी मे महिन्यातच उरकावी. आपल्याकडे फ्लूची एक लाट जुलै ते सप्टेंबरमध्ये येते आणि लशीचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे जातात. लस टोचायचीच घ्या; नाकात फवारायची, जिवंत विषाणूंची लस या रुग्णाला चालत नाही. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना त्याच्या अंगात प्रतिपिंडं बेताचीच तयार होतात, म्हणून घरातल्या सगळ्यांनीही टोचून घ्यावं.

एका कागदावर सगळी औषधं डोससह, शेवटचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि टॅक्रोलिमसची शेवटची लेव्हल (रक्तातलं प्रमाण) लिहा. फोटो मोबाइलमध्ये ठेवा. वर लाल शाईत ‘टॅक्रोलिमस चालू’ असं लिहा, कारण कोविडवरच्या गोळ्यांतलं रिटोनाविर किंवा खोकल्यासाठी कुणी सहज लिहून दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमसची लेव्हल भलतीच वर नेतं आणि मार किडनीला बसतो. फ्लूवरच्या ओसेल्टामिविरचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. किडनीचं काम कमी असेल तर तोही डॉक्टर उतरवतात. अंगदुखीला पॅरासिटामॉल ठेवा, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक घरातून काढून टाका. काढे, गुळवेलही नको. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आहे, आणि दाबून ठेवलेली प्रतिकारशक्ती चेतवणं इथे मुळातच उलटं काम.

थर्मामीटर आणि ऑक्सिमीटरचे सेल तपासा. रुग्ण बरा असतानाच आठवडाभर त्याचं तापमान आणि ऑक्सिजन लिहून ठेवा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ताप झाकतं, १००.४ ची वाट बघत बसलात तर उशीर होतो. नेहमी ९८ असलेला ऑक्सिजनचा आकडा ९४ वर आला, किंवा जिना चढताना नवीनच धाप लागली, की ताप नसला तरी डॉक्टरांना फोन करा. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा फसवतो. दुसरं बोट घ्या, हात गार असतील तर चोळून मिनिटभर थांबा.

रेस्पिरेटरी पॅनेल, म्हणजे नाकातल्या स्वॅबवर एकदम अनेक विषाणू शोधणारी तपासणी, कुठली लॅब करते, हे आधीच विचारून ठेवा. निरोगी माणसात एका विषाणूने जागं केलेलं संरक्षण काही दिवस दुसऱ्यालाही अडवतं. इथे ते ढिलं असतं आणि पहिला विषाणू आठवडेच्या आठवडे नाकात रेंगाळतो, तेवढ्यात दुसरा येऊन बसतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये दोन नावं आली तर त्रास नेमका कुणाचा, हे नुसत्या रिपोर्टवरून ठरत नाही. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावलेले असले की डॉक्टरांना पुष्कळ कळतं. उलट बाजूही आहे: आजार फुप्फुसात उतरला असेल तर नाकातला स्वॅब निगेटिव्ह येऊ शकतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी उतार पडून पुन्हा ताप, पिवळा बेडका किंवा छातीत कळ आली तर हा नवा पाहुणा बहुधा न्यूमोकोकस किंवा स्टॅफ हा जिवाणू असतो, कधी ॲस्परजिलस बुरशीही. तेव्हा घरी थांबू नये. भरलेल्या बॅगेत एन-९५ मास्क, फाइल आणि तीन दिवसांच्या गोळ्या हव्यात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आपल्या मनाने बंद करू नका, आणि सकाळी निघालात तर टॅक्रोलिमसचा डोस गिळून निघू नका: लेव्हलचं रक्त आधी, गोळी नंतर.