किल्ला बागेत जाल तेव्हा आधी तट वाचा

माझे वडील पाथरवट. जाती, पाटे, वरवंटे घडवायचे आणि उन्हाळ्यात गल्लोगल्ली जात्याला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं टोचे मारायला फिरायचे. रविवारी आम्हा भावंडांना सोलापूरच्या पार्क चौकातून चालत भुईकोट किल्ल्यात न्यायचे. आमचं सगळं लक्ष आतल्या बागेतल्या झोक्यांकडे, पण ते आधी तटाशी उभं करायचे. "ह्या दगडावर टाकी कुठनं कुठं चाललीया, सांग." ते सांगितल्याशिवाय बागेत सोडायचे नाहीत. पुढं मी शाळेत चित्रकला शिकवली, आणि मुलांना हेच शिकवत आले.

जायचं ते थंडीत, सकाळी सातला. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचं ऊन दगडातनं परत अंगावर येतं. संक्रांतीच्या गड्ड्याचे दिवसही टाळा, कारण सिद्धेश्वराच्या यात्रेच्या गर्दीत थांबून काही बघता येत नाही. सोबत पाण्याची बाटली, वही, पेन्सिल आणि लहान बॅटरी घ्या. दगडावर ऊन समोरून पडलं की तो सपाट दिसतो आणि कोरीव काम हरवतं. म्हणून ज्या भिंतीवर ऊन चाटून जातंय, ती भिंत आधी धरा. सावलीतल्या दगडाला बॅटरी बाजूनं, अगदी भिंतीलगत लावा.

सुरुवात बाहेरून करा. हा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. त्याला उंचीचा आसरा नव्हता, म्हणून रचणाऱ्यांनी पाण्याचा घेतला. पूर्वेला सिद्धेश्वर तलाव आणि उरलेल्या बाजूंना 100 ते 150 फूट रुंदीचा खंदक. तलाव सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर यांच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकातला. किल्ला बहमनी काळातला, चौदाव्या शतकातला. म्हणजे पाणी आधी आलं आणि तट मागाहून त्याच्या कडेला बसला. खंदकाच्या काठावर दोन मिनिटं उभं राहून बघा. बाहेरचा तट बुटका आणि आतला उंच दिसेल. आतल्या तटावरच्या माणसाला बाहेरच्या तटाच्या डोक्यावरून मारा करता यावा, म्हणून ही रचना. ह्याच किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. लग्नातल्या हुंड्यातसुद्धा तो मागितला गेला. 1818 साली तो इंग्रजांकडे गेला.

आता तटाजवळ या. दगड आपला नेहमीचाच, काळा बेसाल्ट, लाव्हारसातून झालेला. काही दगडांत बारीक भोकं दिसतील, काहींत पांढरे ठिपके. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वाफेचे बुडबुडे म्हणजे ती भोकं, आणि पुढं त्यांत खनिजं भरली की ठिपके. भोकाळ दगड घडवायला सोपा, पण लवकर झिजतो. घट्ट दगडावर छिन्नी उडते, पण एकदा कोरलं की शतकं टिकतं. वडील बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकायचे. घट्ट दगड खणखणतो.

खरी गंमत पुढं आहे. तटातले बहुतेक दगड ओबडधोबड आहेत आणि चुन्यात बसवलेत. त्यांच्यामध्ये एखादा दगड अचानक नितळ, काटकोनी लागतो. तिथं थांबा. त्याच्या कडेला पाकळ्यांची रांग आहे का? खांबाचा तुकडा आडवा घातलाय का? नक्षी उलटी किंवा अर्धी कापलेली आहे का? असला दगड तटासाठी घडवलेला नसतो, तो आधी एखाद्या देवळात होता. जुन्या देवळांत दगडाला दगड इतका नीट घासून बसवत की चुना लागत नसे. म्हणून असल्या दगडाची बैठक गुळगुळीत असते, आणि इथं मात्र तो चुन्याच्या जाड दरजेत, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यात बसलेला दिसतो.

वहीत असा एकच दगड काढा. सगळा तट काढायला गेलात तर काहीच बघून होणार नाही. माप वीत आणि बोटांनी घ्या, आणि दगड जमिनीपासून किती वर आहे तेही लिहा. नक्षी उठून दिसावी म्हणून खडू, तेल, हळद किंवा पाणी लावू नका. भेगेतून उगवलेलं पिंपळाचं रोप उपटू नका, मूळ ओढलं की दगड हलतो. ते दिसलं तर तिथल्या कर्मचाऱ्यांना दाखवा.

सिमेंटबद्दल थोडं सांगते, कारण त्याचं मला वाईट वाटतं. एका जुन्या भिंतीत चुन्याच्या जागी सिमेंट भरलेलं मी पाहिलंय. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती अडवतं. मग ओल दगडातून वाट काढते, तिच्यातले क्षार पृष्ठाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दरज नवी राहते आणि दगड मरतो. तुमच्या गावातल्या वाड्याची किंवा देवळाची दुरुस्ती निघाली, तर चुनाच वापरायचा आग्रह धरा.

शेवटी आत जा. खोदकामात उघडी झालेली मल्लिकार्जुन मंदिराची जागा आतच आहे. तिथं वही उघडा आणि तटावरच्या दगडाचं चित्र तिथल्या थरांशी लावून बघा. सातवीतल्या एका मुलीनं तटावर चार बोटं रुंदीची पाकळ्यांची पट्टी काढली होती, आणि तशीच पट्टी तिला इथं दिसली. नुसत्या सारखेपणावरून दोन्ही दगड एकाच देवळाचे ठरत नाहीत, हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा तटाकडे गेली, दुसऱ्यांदा माप घ्यायला.